आईने फारशा गोळ्या कधी घेतल्याच नाहीत, मग रिपोर्टवर नऊ ठिकाणी 'आर' कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६८ वर्षांच्या आई नाशिक जिल्ह्यातल्या एका गावी राहतात. त्यांना उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ होऊ लागली, दोन दिवसांनी थंडी वाजून ताप आला, कंबरेत एका बाजूला दुखायला लागलं. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू निघाला आणि तपासलेल्या चौदा औषधांपैकी नऊ औषधांपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू नाही) आला. डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन सुरू केलं. मुलाचं म्हणणं असं की डोकं दुखलं तरी सुंठीचा लेप लावणारी ही बाई, तिचं शरीर औषधांना सरावलं कसं? आणि रिपोर्टवर दोन गोळ्यांपुढे 'एस' (औषध लागू) असताना इंजेक्शनं कशासाठी? शिवाय कोर्स पूर्ण करायलाच हवा का, हेही त्याने विचारलं आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. सत्तावीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत अशाच रिपोर्टांवर सही करत आले आहे. उत्तर लांबेल, पण प्रश्नच तसा आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. आईंचं शरीर कशालाही सरावलेलं नाही. 'आर' त्यांच्या नावाखाली छापलेला असला तरी तो त्यांचा नाही, त्यांच्या लघवीत सापडलेल्या जंतूचा आहे. आम्ही तो जंतू बशीत पसरतो, त्यावर डिस्क ठेवतो, म्हणजे औषध लावलेल्या कागदाच्या टिकल्या, आणि रात्रभर उबवून सकाळी बघतो. टिकलीभोवती पुरेसं मोठं मोकळं वर्तुळ पडलं तर औषध लागू. जंतू थेट टिकलीला भिडला तर 'आर'. हाच जंतू उद्या तुमच्या घरात दुसऱ्या कुणाला लागला तर त्याच्याही रिपोर्टवर हेच नऊ 'आर' येतील, मग त्याने जन्मात एक गोळी घेतलेली नसो. 'मी तर औषधं घेतच नाही' हे कवच इथे पुरत नाही.

मग जंतू असा होतो कसा? खायला भरपूर मिळालं तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. संध्याकाळी सातला एक असेल तर पहाटे पाचला शंभर कोटींच्या वर. दर वेळी त्याला आपल्या जनुकांची नक्कल काढावी लागते आणि एवढ्या नकला काढताना चुका होणारच. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी जंतूच मरतो, आणि कोटींत एखादी अशी निघते की तिच्यामुळे एखादं औषध त्याला लागू पडेनासं होतं. क्षयाच्या जंतूत रिफाम्पिसिनला दाद न देण्याची चूक साधारण दहा कोटींत एकदा घडते. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णात तेवढे जंतू सहज असतात. म्हणून क्षयावर एकटं औषध कधी देत नाहीत, सुरुवातीला चार एकदम देतात. एकाच जंतूत चारही चुका जुळून येणं जवळजवळ अशक्य असतं.

या चुका औषधामुळे घडतात असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, हे १९५२ साली अमेरिकेत जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने फार सुंदर रीतीने दाखवलं. बशीवर जंतूंच्या शेकडो वसाहती वाढलेल्या. त्यांनी मखमलीचा तुकडा त्या बशीवर शिक्क्यासारखा दाबला आणि तोच शिक्का स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या बश्यांवर उमटवला. औषधाच्या बश्यांवर मोजक्या वसाहती तगल्या, आणि दर बशीवर त्याच जागी. मग मूळ बशीवर, जिला औषधाचा थेंबही लागला नव्हता, नेमक्या त्या जागेवरचे जंतू घेऊन वाढवले. तेही प्रतिरोधी, म्हणजे औषधाला दाद न देणारे, निघाले. म्हणजे औषध येण्याआधीच ते तिथे होते. औषधाने फक्त त्यांच्या भोवतालची गर्दी हटवली. शेतकऱ्याला हे लगेच पटतं. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की त्याने न मरणारं तणच शेवटी रानात उरतं.

जंतूची ही युक्ती चार-पाच प्रकारची असते, त्यावर फार वेळ घालवत नाही. कुणी औषध फोडणारं विकर (एन्झाइम) तयार करतो, कुणी आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतो, कुणी औषध आत यायची दारं कमी करतो, तर कुणी औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलून टाकतो. पेनिसिलिन फोडणारं विकर तर १९४० सालीच सापडलं होतं, पेनिसिलिन सर्वसाधारण रुग्णांपर्यंत पोहोचण्याच्या आधी. बुरशी आणि जंतू मातीत कोट्यवधी वर्षं एकमेकांशी रसायनांनी झुंजत आले आहेत. ही हत्यारं त्यांच्याकडे आपल्या आधीपासून आहेत.

पण नुसत्या चुकांनी आईंच्या रिपोर्टचं उत्तर मिळत नाही. नऊ औषधांविरुद्ध नऊ वेगळ्या चुका एका जंतूत कशा जमल्या? हे कोडं आधी जपानमध्ये पडलं. १९५० च्या दशकात तिथल्या रक्ती आवेच्या रुग्णांत शिगेला हा जंतू एकदम चार औषधांना दाद देईनासा झाला: सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन. त्याच रुग्णांच्या आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलायही नेमका त्याच चार औषधांना दाद देत नव्हता. दोन वेगळ्या जातींचे जंतू, आणि यादी मात्र सारखीच! १९५९ पर्यंत जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हे दोघे जवळ आले की एकाकडून दुसऱ्याकडे प्रतिरोध जातो, चारही औषधांचा एकगठ्ठा. जनुकांचं एक छोटं कडं असतं, प्लाझमिड नावाचं. जंतू त्याची नक्कल काढून शेजाऱ्याला देतो. शेजारी आपल्या जातीचा असलाच पाहिजे असंही नाही.

या एका गोष्टीने सगळा हिशेब बदलतो. गठ्ठ्यातल्या कुठल्याही एका औषधाचा मारा झाला तरी अख्खा गठ्ठा टिकतो. कोंबडीला दिलेल्या टेट्रासायक्लिनमुळे माणसाला लागणाऱ्या भलत्याच औषधाचा प्रतिरोध जिवंत राहू शकतो. आईंच्या नऊ 'आर'पैकी बहुतेक अशा एक-दोन गठ्ठ्यांतून आलेले असणार. रिपोर्टच्या तळाशी 'ईएसबीएल' लिहिलेलं असेल तर पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली बहुतेक औषधं फोडणारं विकर त्या जंतूकडे आहे असं समजा. त्यातलं सीटीएक्स-एम-१५ नावाचं विकर २००१ साली भारतातल्या नमुन्यांवरून प्रथम नोंदवलं गेलं आणि आज ते जगभर पसरलं आहे. या घराण्याची जनुकं मुळात क्लुयव्हेरा नावाच्या जंतूंची. ते माणसाच्या वाट्याला क्वचितच जातात.

हा जंतू आईंकडे आला कुठून, तर बहुधा त्यांच्याच आतड्यातून. बायकांमध्ये मूत्रमार्ग आखूड असतो, तिथून तो वर चढतो. आणि आतड्यात तो पाण्यातून, अन्नातून, हातांतून येऊन कधीचा राहिलेला असतो, काहीही त्रास न देता. नेदरलँड्समध्ये सुमारे दोन हजार प्रवाशांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. जाण्याआधी ज्यांच्या आतड्यात ईएसबीएलचे जंतू नव्हते, त्यांच्यातले दक्षिण आशियात जाऊन आलेले सुमारे ७५ टक्के लोक ते घेऊन परतले. धडधाकट माणसं, काही आठवड्यांचा मुक्काम. आपण तर इथेच जन्म काढतो. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना यातून एक सांगणं आहे: गावाहून परतल्यावर काही महिन्यांत लघवीचा किंवा दुसरा गंभीर जंतुसंसर्ग झाला, तर 'मी नुकतीच भारतात जाऊन आले' हे तिथल्या डॉक्टरांना आपणहून सांगा. पहिलं औषध कोणतं निवडायचं हे त्यावर ठरू शकतं.

१९४५ साली नोबेल स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक प्रसंग सांगितला होता. एका गृहस्थाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणून अपुरं घेतो, जंतू मरत नाहीत, उलट प्रतिकार करायला शिकतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. (गंमत म्हणजे त्यांनी उदाहरणाला घेतलेल्या स्ट्रेप्टोकोकाय जंतूंपैकी घसा दुखवणारा नेहमीचा जंतू आजही पेनिसिलिनला दाद देतो.) मला या प्रसंगात एकच गोष्ट मोलाची वाटते. औषध घेतलं एकाने, भोगलं दुसरीने. तुमच्या आईंची जागा त्या बायकोची आहे.

आता त्या गृहस्थाच्या जागी आपल्या आसपासचे लोक बघा. सर्दी झाली, मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणली. सर्दी विषाणूंची, अँटिबायोटिकचा त्यांच्याशी काही संबंध नाही. पण गोळी वाया गेली म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. ती आतड्यात पोहोचते, आणि तिथे आपल्या देहात जेवढ्या पेशी आहेत साधारण तेवढेच जंतू नांदत असतात. त्यातले साधे मरतात, गठ्ठेवाले उरतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत फोफावतात. ज्या जंतूवर नेम नव्हता त्याच्यावरच सगळा परिणाम होतो. मग तो माणूस शौचाला जातो, गटार ओढ्याला मिळतं, ओढा नदीला. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच१' लागू झालं. त्या यादीतल्या अँटिबायोटिकसाठी दुकानदाराने डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं जपायची असते. पट्टीवर लाल रेघही असते. तुमच्या नाक्यावरच्या दुकानात ती वही कुणी शेवटची कधी उघडली, एवढं फक्त विचारून बघा.

शेतीचंही बोललं पाहिजे. सोलापूर-सांगोल्याकडे डाळिंबावर तेल्या हा जंतूंमुळे होणारा रोग पडला की स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी पाण्यात कालवून फवारत आले आहेत. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही माणसाची दोन औषधं आहेत. पहिलं तर क्षयावरचं. तेल्याने बाग गेलेल्या माणसाला मी दोष देणार नाही, त्याच्यापुढे दुसरा खात्रीचा उपाय कुणी ठेवलेला नसतो. पण तो फवारा मातीतल्या जंतूंवर पडतो आणि ते जंतू आपल्यापासून लांब नाहीत. कोंबड्यांच्या बाबतीत एक पाऊल बरं पडलं: कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतलं औषध खाद्यप्राण्यांना देण्यावर २०१९ साली केंद्र सरकारने बंदी घातली. कोलिस्टिनचा प्रतिरोधसुद्धा प्लाझमिडवरून जातो हे त्याच्या चार वर्षं आधी चीनमधल्या डुकरांत आणि रुग्णांत दिसलं होतं.

माझ्या स्वतःच्या टेबलावर हे कसं उमटलं ते सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा इमिपेनेम या राखून ठेवलेल्या, जोरदार अँटिबायोटिकची डिस्क ठेवायची म्हणजे औपचारिकता होती. तिच्याभोवती मोठं, स्वच्छ वर्तुळ पडणार हे गृहीतच. पुढे दहा-बारा वर्षांनी एका सकाळी त्या डिस्कला जंतू पार भिडलेला दिसला. मला वाटलं डिस्कची मुदत संपली असेल. नवी डबी फोडून पुन्हा लावली, तेच. रुग्ण अतिदक्षता विभागात होता आणि वॉर्डमधून फोन येत होते की काय देऊ. सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नव्हतं. त्याच सुमाराला इमिपेनेमसारखी औषधं फोडणारं एनडीएम-१ हे विकर जगाला माहीत झालं. २००८ साली दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या रुग्णात ते सापडलं. २०१० च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही आपल्याकडचे रुग्ण प्रसिद्ध केले. नावात ('एनडी' म्हणजे न्यू दिल्ली) दिल्ली आली म्हणून आपल्याकडे तेव्हा मोठा गदारोळ झाला. पुढच्या वर्षी दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले गेले, ५१ मध्ये ते जनुक होतं. नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनमध्ये. नावावरून भांडण्यात गेलेला तो वेळ सांडपाण्यावर खर्च व्हायला हवा होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

हे एवढं महत्त्वाचं का, तर लघवीची जळजळ हा यातला सगळ्यात सौम्य भाग आहे. सिझेरियन, गुडघ्याचा सांधा बदलणं, कर्करोगाची केमो, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवणं, ही सगळी कामं एका भरवशावर चालतात: जंतुसंसर्ग झालाच तर औषध आहे. २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधी जंतूंमुळे झाले असा अंदाज आहे. ज्या मृत्यूंमध्ये असे जंतू सोबतीला होते ते मोजले तर ४९ लाख ५० हजार. नवी औषधं येतात, पण सावकाश, आणि महाग. एनडीएमवाल्या जंतूसाठी एका नव्या औषधाला दुसऱ्याची जोड द्यावी लागते, आणि त्याचा रोजचा खर्च ऐकून नातेवाईक गप्प होतात. ती शांतता मी फार वेळा ऐकली आहे.

तरी गेलेलं औषध परत येऊ शकतं, हेही मी पाहिलं आहे. मुदतीच्या तापावर, म्हणजे टायफॉइडवर, १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल चालायचं. त्याचा प्रतिरोध पसरला, १९९० च्या आसपास ते निकामी झालं, डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सॅसिनकडे वळले, पुढे तेही गेलं. दरम्यान क्लोरॅम्फेनिकॉल कुणी वापरेनासं झालं, आणि आता टायफॉइडचे बहुतेक जंतू त्याला पुन्हा 'एस' येतात. प्रतिरोधाचा गठ्ठा वागवायला जंतूला खर्च येतो. मारा थांबला तर काही जंतू तो टाकून देतात. सगळे नाही, आणि लवकर तर नाहीच. त्याहून चांगला रस्ता म्हणजे आजार होऊच न देणं. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने टायफॉइडची नवी लस मोहीम काढून लाखाहून अधिक मुलांना दिली. ताप आलाच नाही तर गोळीचा प्रश्नच येत नाही. शुद्ध पाणी आणि लस यांना मी अँटिबायोटिकच्या आधीचं अँटिबायोटिक मानते.

आता इंजेक्शनांचं. ज्या दोन गोळ्यांपुढे 'एस' आहे त्या बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन असतील. दोन्ही चांगली औषधं, पण ती मूत्राशयातल्या लघवीत साचतात. मूत्रपिंडात आणि रक्तात पुरेशी पोहोचत नाहीत. नुसती जळजळ असती तर त्यांवर भागलं असतं. आईंना थंडी वाजून ताप आहे, कंबर एका बाजूला दुखते, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला आहे. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. आणखी एक: रिपोर्टवर 'एस'च्या शेजारी आकडे असतात, म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण, त्यात ज्याचा आकडा सगळ्यात लहान ते औषध सगळ्यात जोरदार, असं समजू नका. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी. एकाचे १६ दुसऱ्याच्या १ पेक्षा चांगले असू शकतात.

कोर्स पूर्ण करण्याबद्दल विचारलंय, तर क्षय बाजूला ठेवून बोलते. क्षयाचं औषध एक दिवसही स्वतःच्या मनाने थांबवायचं नाही, तिथे तडजोड नाही. बाकीच्या नेहमीच्या संसर्गांत मात्र 'जास्त दिवस म्हणजे जास्त सुरक्षित' हा जुना समज मागे पडत चालला आहे. जास्तीचा प्रत्येक दिवस आतड्यातल्या जंतूंवर मारा करतो. साध्या न्यूमोनियात रुग्ण सुधारत असेल तर पूर्वीच्या दहा दिवसांऐवजी पाच पुरतात. म्हणून स्वतः बंद करू नका, पण 'डॉक्टर, किती दिवस पुरेसे आहेत?' हे जरूर विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आणि उरलेली पट्टी पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवू नका.

आईंची साखर तपासली नसेल तर तपासून घ्या. पाळी गेल्यानंतर असा संसर्ग वारंवार होत असेल तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम उपयोगी पडतं. त्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, संकोच नको. त्या पाणी किती पितात तेही बघा. बाहेर जायची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या.

पुढे पुन्हा त्रास झाला तर नमुना गोळी सुरू करण्याआधी द्या. सुरुवातीची धार सोडून मधली घ्या, दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. आताचा रिपोर्ट जपून ठेवा आणि तेव्हाच्या डॉक्टरांना आधी तो दाखवा. आणि ताप उतरला, जळजळ थांबली, आई पूर्ववत जेवू लागल्या की 'एकदा खात्रीसाठी' म्हणून पुन्हा कल्चर करू नका. या वयात त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडणं नेहमीचं आहे. ते सापडतील, पुन्हा 'आर' दिसतील, कुणीतरी घाबरून आणखी एक अँटिबायोटिक लिहून देईल, आणि त्या औषधाची आईंना तेव्हा काहीच गरज नसेल.